इसहाकाच्या विहिरी आणि वसईची बावखले

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात विहिरींची एक कथा आली आहे. आब्राहामाच्या हयातीत खणलेल्या विहिरी त्याच्या मृत्यूनंतर पलिष्टी लोकांनी माती लोटून बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. मग त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या. पहिल्या विहिरीवर गरारच्या गुराख्यांनी हक्क सांगितला, म्हणून तिचे नाव भांडणावरून पडले. दुसऱ्या विहिरीपायी वैर आले, म्हणून तिचे नाव वैरावरून पडले. तिसऱ्या विहिरीसाठी मात्र कोणी तंटा केला नाही. तिला इसहाकाने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले.

या कथेतील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. इसहाकाला वस्तीसाठी जागा मिळाली ती पाण्याचा तंटा मिटल्यानंतर, आधी नव्हे. आधी पाणी, मग निवारा, हा क्रम पवित्र शास्त्रात जसा आहे तसाच तो आपल्या पूर्वजांच्या वहिवाटीतही होता. गेल्या चाळीस वर्षांत वसईमध्ये हा क्रम उलटा झाला. आधी इमारती उभ्या राहिल्या आणि मागाहून पाण्याचा शोध सुरू झाला. हे कसे घडले आणि त्यातून आज काय शिकता येईल, याचा इतिहासाच्या आधाराने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भूमीची घडण

वसईची भूमी समजून घेतल्याशिवाय वसईच्या पाण्याचा प्रश्न समजणार नाही. दक्षिणेस उल्हास नदीची, म्हणजे वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वर व कामणदुर्गाचे डोंगर, अशी या प्रदेशाची चतु:सीमा. अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत पसरलेला पश्चिम पट्टा एके काळी बेटच होता. मुख्य भूमी आणि तो यांच्यामध्ये सोपाऱ्याची खाडी होती आणि तिच्यातून गलबते ये-जा करीत. सोपारा हे प्राचीन बंदर याच खाडीच्या जोरावर नांदले. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. पुढे गाळ साचत गेला, खाडी उथळ झाली आणि बंदर इतिहासजमा झाले. खाडी मात्र पूर्णपणे मेली नाही. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी आजही त्याच जुन्या वाटेने समुद्राकडे जाऊ पाहते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

या भूमीचे तीन पट्टे पडतात. समुद्रालगतचा वालुकामय, थोडासा उंचवट्याचा पट्टा बागायतीचा. मधला सखल पट्टा भातखाचरांचा, खाजणांचा आणि मिठागरांचा. पूर्वेचा पट्टा रानाचा. या तिन्ही पट्ट्यांना पावसाच्या पाण्याने एकमेकांशी बांधून ठेवले होते. रान पाणी अडवी, खाचरे ते पसरवीत, खाजणे भरतीला जागा देत आणि पश्चिमेची वालुकामय जमीन आपल्या पोटात गोडे पाणी साठवून ठेवी.

किनारपट्टीवरील या गोड्या पाण्याचे स्वरूप मोठे नाजूक असते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असते. हे ऐकून मनास दिलासा वाटतो. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे. उपसा वाढून वरची पातळी एका मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकते. किनाऱ्यावरची विहीर आटते त्याआधी ती खारावते. आणि एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होत नाही.

बाव, बावखल आणि रहाट

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ग्रंथातून ठाऊक नव्हते. त्यांना ते हातांनी ठाऊक होते. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा नाना समाजांनी या पट्ट्यात केळी, पानवेली, भाजीपाला, फुले आणि नारळ यांच्या बागा फुलविल्या. त्यांपैकी अनेकांनी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल कायम झाला. तीन राज्ये आली आणि गेली, परंतु वाडीतील विहीर आणि तिच्यावरचा रहाट तसाच राहिला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने वसईच्या बागायतीची आणि आगाशीच्या सुकेळ्यांची आवर्जून नोंद घेतली आहे. ही बागायत केवळ पावसावर उभी नव्हती. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरविण्याच्या कौशल्यावर ती उभी होती.

त्या कौशल्याचे नाव बावखल. बाव म्हणजे विहीर. तो शब्द आपल्या बोलींत अजून जिवंत आहे. बावखल हे विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान, वाडीच्या सखल बाजूस खणलेले गोड्या पाण्याचे कुंड. घराच्या जोत्यासाठी आणि बागेच्या भरावासाठी जी माती लागे, ती येथूनच काढली जाई. म्हणजे घर बांधण्याच्या कामातूनच पाणी साठविण्याची सोय होई. एकाच कुदळीने जोतेही उंच होई आणि बावखलही खोल होई. आजच्या नियोजनकारांनी या साध्या गोष्टीपुढे घटकाभर थांबावे, असे आम्हांस वाटते. घर बांधताना पाण्याची जागा कमी न होता वाढत असे, ही किमया आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणताही नकाशा न काढता साधली होती.

पावसाळ्यात बावखल तुडुंब भरे. त्याच्या काठच्या नारळी, भेंडी, आंबा-जांभळाच्या सावलीमुळे बाष्पीभवन कमी होई. त्यातील पाणी हळूहळू जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींना आधार देई. हिवाळ्यात त्यातून बागेला शिंपण होई, गुरे पाणी पीत, मुले पोहायला शिकत, मासेही मिळत. उन्हाळ्यात तळ उघडा पडला, की गाळ काढून तो केळीच्या बुंध्याशी घालावयाचा आणि बावखल पुढच्या पावसासाठी मोकळे ठेवावयाचे, हे वर्षाचे चक्र होते.

रहाटाचेही असेच. बैल फिरे त्या वेगाने पोहरे वर येत. बैल थकला, की रहाट थांबे आणि रहाट थांबला, की विहीर पुन्हा भरू लागे. जनावराच्या थकव्याने जणू पाण्याच्या उपशाला मर्यादा घातली होती. पुढे तेलावरची इंजिने आली, त्यानंतर विजेचे पंप आले. शेतकऱ्याचे कष्ट वाचले, याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु पंप थकत नाही. बैलाबरोबर ती मर्यादाही गोठ्यातून निघून गेली.

डोंगर आणि रान

बागायतीच्या या कहाणीत रानाचा वाटा आपण नेहमी विसरतो. तुंगारेश्वराचे डोंगर दोन हजार फुटांहून उंच आहेत. साग, ऐन, खैर, कळंब, पळस, बांबू आणि कारवी यांच्या मुळांनी व पाचोळ्याने तेथील माती धरून ठेवली आहे. झाडांवर पडलेला पाऊस आधी पानांवर, मग पाचोळ्यावर आणि मग मातीत उतरतो. उघड्या उतारावर पडलेला पाऊस थेट ओढ्यात जातो. पहिल्या पावसाने झरे होतात, दुसऱ्या पावसाने पूर येतो. वारली, कातकरी, मल्हार कोळी हे बांधव या रानाच्या आश्रयाने पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत.

इंग्रजी अंमलात १८७८ च्या वन कायद्याने रानाचा मोठा भाग सरकारी राखीव झाला. भाताच्या रोपांसाठी राब करावयाचा तर फांद्या कोठून आणावयाच्या, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमून तक्रारी ऐकाव्या लागल्या. या प्रकरणातून एक धडा मिळतो. रान राखावयाचे तर रानाशी ज्यांचे जीवन बांधलेले आहे, त्यांना बाजूस सारून ते राखता येत नाही.

दुसरा धडा शेजारच्या साष्टीचा आहे. मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. तलावांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यांच्या पाणलोटातील रान राखावे लागले आणि तेच पुढे राष्ट्रीय उद्यानाचे बीज ठरले. आज कोट्यवधी लोकांच्या महानगराच्या कुशीत शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक रान उभे आहे, त्याच्या मुळाशी वृक्षप्रेमाइतकीच तहानही आहे. पाणी आणि रान हे दोन विषय नव्हेत, हे त्या काळच्या व्यवहारी अभियंत्यांनाही कळले होते.

आपल्या तुंगारेश्वरास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेचे राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येचे तानसा अभयारण्य यांच्यामधला हा दुवा आहे. परंतु अभयारण्याची सीमा जेथे संपते तेथे डोंगर संपत नाही. पायथ्याचे उतार, महामार्गालगतच्या टेकड्या आणि त्यांवरील ओहोळ हे त्या सीमेबाहेर राहिले. तेथेच टेकड्या पोखरून माती काढण्यात आली आणि ती माती सखल खाचरांच्या भरावासाठी नेण्यात आली. एकाच ट्रकने डोंगराचेही नुकसान केले आणि खाचराचेही. बावखल खणणाऱ्या कुदळीशी या ट्रकची तुलना केली, की दोन युगांतील फरक डोळ्यांपुढे उभा राहतो.

हिरव्या पट्ट्याचा लढा

विरारहून मुंबईस जाणारी पहिली गाडी १८६७ साली धावली आणि १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. तरीही पुढची चार-पाच दशके वसई गावांचीच राहिली. आगगाडीने केळी, भाजी, पाने, फुले आणि दूध मुंबईस जाई आणि संध्याकाळी माणसे परत येत. मुंबईत जागेचे भाव चढले तसा हा प्रवाह उलटा झाला. मुंबईत घर न परवडणारी नोकरदार कुटुंबे विरारच्या गाडीने घर शोधीत येऊ लागली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यातील मोठा भूभाग बांधकामासाठी खुला करण्याचे धोरण पुढे आले. त्यातून हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, शेतकरी, शिक्षक, गृहिणी असे सारे त्या चळवळीत एकत्र आले. मोर्चे निघाले, सभा झाल्या, न्यायालयाचे दार ठोठावण्यात आले. धर्मगुरूने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न त्या काळी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या लेखणीने आणि कृतीने दिले. पुढे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. वसईच्या झाडाझुडपांवर आणि पाण्यावर त्यांचे जे ऋण आहे, ते कोणत्याही पुतळ्याने फिटणारे नाही.

१९९० च्या मे महिन्यात शासनाने सिडकोस वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. विकास आराखडा आखला गेला, त्यावर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. २००१ ते २०२१ या कालखंडासाठीचा हा आराखडा अखेर २००७ साली मंजूर झाला. म्हणजे आराखड्याच्या वीस वर्षांपैकी सहा वर्षे मंजुरीच्या वाटेवरच गेली. या सहा वर्षांत इमारती थांबून राहिल्या नाहीत. २००९ च्या जुलै महिन्यात चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांच्या समावेशास विरोध म्हणून पुन्हा आंदोलन झाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती.

एवढ्या माणसांना पाणी कोठून आले? पेल्हार, उसगाव आणि पापडखिंड येथील धरणे मुळात लहान. ती अपुरी पडताच टँकर आला. पश्चिम पट्ट्यातील विहिरींतून आणि कूपनलिकांतून रात्रंदिवस पाणी उपसून ते नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले. ज्या वाडीत केळीला पाणी पुरत नव्हते, त्याच वाडीच्या रस्त्यावरून भरलेले टँकर धावत होते. विहिरी खारावू लागल्या, पानवेली सुकल्या. गावकऱ्यांनी टँकर अडविले आणि तंटे झाले. इसहाकाच्या पहिल्या दोन विहिरींची नावे पुन्हा एकदा खरी ठरली.

मग सूर्या नदीचे पाणी आणण्यात आले. धामणी धरणाचे ते पाणी मुळात प्रामुख्याने डहाणू, पालघर, विक्रमगड भागांतील आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीसाठी योजिलेले होते. सूर्या प्रादेशिक योजनेतील ४०३ दशलक्ष लिटर पाण्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी असा वाटा ठरला. शहराची तहान खरी आहे. ती भागविलीच पाहिजे. परंतु नळ सोडताना एवढे स्मरण असावे, की ते पाणी कोणाच्या तरी शेतावरून वळवून आपल्या घरी आले आहे. आपल्या दारचा पाऊस खाडीत वाहून जाऊ द्यावयाचा आणि दूरच्या गरिबाचे पाणी मागावयाचे, हे ख्रिस्ती विवेकास पटणारे नाही.

पाण्याने मागितलेली जागा

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यात पाण्याचा पूर, ही एकाच चुकीची दोन फळे आहेत. एक हेक्टर भातखाचरात वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर तेथे वीस लाख लिटर पाणी साठते. त्या खाचरावर भराव घातला, की ते वीस लाख लिटर पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या घरात शिरते. खाजणे आणि मिठागरे यांचेही असेच. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत त्याला थांबण्यासाठी जागा लागते. ती जागा निसर्गाने मधल्या सखल पट्ट्यात दिली होती आणि आपण तिला पडीक म्हणालो.

२०१८ च्या जुलै महिन्यात, ९ आणि १० तारखांस, याचा हिशेब चुकता झाला. वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला. लोहमार्ग बुडाले. अडकलेल्या गाडीतील प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. वसईच्या मिठागर वस्तीतील सुमारे चारशे माणसांना पाण्याने वेढले. त्यानंतर महानगरपालिकेने निरी आणि आय.आय.टी. मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने इतर उपायांबरोबर धारण तलाव सुचविले. धारण तलाव म्हणजे काय? पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणारे तळे. ज्याला आपले पणजोबा बावखल म्हणत, त्याचेच ते मोठे भावंड. आपण बावखले बुजविली आणि तज्ज्ञांनी आपल्याला तळी खणावयास सांगितले.

नियोजनातील राखीव जागांचे काय होते, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. २०२५ च्या सुरुवातीस न्यायालयाच्या आदेशानुसार त्या पाडण्यात आल्या. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली होती. नकाशावर जागा राखणे आणि जमिनीवर ती राखणे यांतील अंतराची किंमत नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

म्हणूनच एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. हरित वसईचा लढा हा बाहेरून येणाऱ्या माणसाविरुद्ध होता, असा आरोप वरचेवर होतो. आम्हांस तो मान्य नाही. परक्यास आसरा देणे ही आपल्या धर्माची शिकवण आहे आणि आलेली कुटुंबे आपलीच शेजारी झाली आहेत. प्रश्न माणूस कोठून आला हा नाही. त्याच्या घरी पाणी कोठून येणार, त्याच्या घरचे सांडपाणी कोठे जाणार आणि त्याचे घर ज्या पाण्याच्या वाटेवर उभे आहे, ते पाणी कोठे वळणार, हा प्रश्न आहे. तो प्रश्न विचारणे हेच नव्या रहिवाशाच्या हिताचे आहे. सखल भागातील तळमजल्यावर राहणारा माणूस बुडतो तेव्हा तो कोणत्या गावचा, हे पाणी विचारीत नाही.

एका गुंठ्याचा हिशेब

वसईत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एका गुंठ्यावर वर्षाला किमान दोन लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी लागते असे धरले, तर चार माणसांच्या कुटुंबाचे वर्षभराचे पाणी एका गुंठ्यावर आकाशातून उतरते. ते सारेच साठविता येणार नाही, काही वाहणार, काही वाफ होणार. आणि बहुमजली इमारतीत एका गुंठ्यावर अनेक कुटुंबे राहतात, हेही खरे. परंतु एवढे तरी स्पष्ट व्हावे, की पावसाच्या दृष्टीने वसई दरिद्री नाही. आपले दारिद्र्य साठवणीचे आहे.

२०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची सोय करणे बंधनकारक आहे. १९९१ च्या अधिसूचनेपासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील आघात असल्याचे म्हटले. म्हणजे नियम नाहीत अशी स्थिती नाही. उणीव आहे ती क्रमाची. इमारत पूर्ण होताना गच्चीवर एक नळी बसवून कागद पुरा करणे म्हणजे पाण्याचे नियोजन नव्हे. प्रथम ओढे, नाले, उतार आणि सखल जागा नकाशावर आखाव्यात. त्या वगळून उरलेल्या जागेत घरे कोठे व किती, हे ठरवावे. उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडावा आणि मगच परवानगी द्यावी. अभयारण्याच्या पायथ्याचे उतार उकरू देऊ नयेत. खाजण-मिठागरांस पडीक न म्हणता शहराचे पाणी थोपविणारी जागा म्हणून त्यांची नोंद करावी. आणि प्रत्येक गावातील बावखल, मग ते खासगी वाडीत असले तरी, आराखड्यात जलाशय म्हणून दाखवावे.

शेवटच्या मुद्द्याचा संबंध थेट आपल्याशी आहे. बावखले बहुतेक ठिकाणी कुटुंबांच्या मालकीची आहेत. वाटण्या झाल्या, भाऊ वेगळे झाले, बागायत परवडेनाशी झाली, तसे बावखल हे वाडीतील निरुपयोगी खड्डा वाटू लागले. कोणी त्यात कचरा टाकू दिला, कोणी राडारोडा टाकून प्लॉट काढला. त्या कुटुंबांच्या अडचणी आम्ही जाणतो. शेती करणाऱ्याने नुकसान सोसावे आणि इतरांनी त्याच्या वाडीच्या गारव्याचे गोडवे गावेत, हा न्याय नव्हे. बावखल राखणाऱ्या कुटुंबास करात सवलत मिळावी आणि गाळ काढण्यास साहाय्य व्हावे, यासाठी आपण सर्वांनी आवाज उठविला पाहिजे. अलीकडच्या वर्षांत काही गावांतील तरुणांनी बावखले उपसून स्वच्छ करण्याचे काम अंगावर घेतले आहे. कोणत्याही परिसंवादापेक्षा त्यांच्या पायाच्या चिखलाचे मोल आम्ही अधिक मानतो.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. शुद्ध आणि सुरक्षित पाणी मिळणे हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी त्यात निक्षून सांगितले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे एकच आहेत, हा त्या परिपत्रकाचा गाभा. त्याच्या कितीतरी वर्षे आधी वसईच्या शेतकऱ्यांनी हे रस्त्यावर उतरून सांगितले होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु अभिमानाने विहीर भरत नाही.

आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामाने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या हद्दीतील विहिरींची आणि बावखलांची यादी करावी. किती जिवंत आहेत, किती बुजली, कोणत्या खारावल्या आणि कोणत्या ओहोळाची वाट अडली आहे, हे लिहून काढावे. वृद्ध मंडळींना त्यांची नावे ठाऊक आहेत, तीही नोंदवावीत. ख्रिस्ती आळीपुरते न थांबता शेजारच्या हिंदू आणि मुसलमान बांधवांच्या वाड्याही त्यात घ्याव्यात आणि नव्या इमारतींतील रहिवाशांनाही सामील करून घ्यावे. ही यादी ग्रामसभेत आणि महानगरपालिकेत सादर व्हावी. पुढचा आराखडा जेव्हा जनतेपुढे येईल, तेव्हा हरकतीच्या अर्जाबरोबर आपल्या हाती भावना नव्हेत, तर नोंदी असाव्यात. बुजलेली विहीर उपसावयाची तर ती कोठे होती हे आधी ठाऊक असावे लागते. इसहाकाला ते ठाऊक होते, कारण बापाने दिलेली नावे तो विसरला नव्हता.